कवळाण्याचा गोपाळ अन् बडोद्याची ममी

घरच्यांसोबत अजब बंगला पाहून झालाय ना? मग आता बडोद्याला जायचा हट्ट धरा. तिथल्या संग्रहालयात इजिप्तची खरीखुरी ममी आहे! ती आणली सयाजीराव गायकवाडांनी.

आपला अजब बंगला १८६३ चा. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, शेतकऱ्याच्या घरी गोपाळ जन्मला. बारा वर्षांचा होईस्तोवर त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. १८७५ मध्ये तो बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला, सयाजीराव झाला आणि झपाटून शिकला.

पुढे महाराजांनी जग पाहिलं. प्रजेलाही ते दिसावं म्हणून संग्रहालय उभारलं. १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडलं.

पण १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आलेल्या त्याच भीमरावांना जातीपायी राहायला जागा मिळाली नाही. इजिप्तची ममी शहरात मावली, शिकलेला माणूस मात्र नाही! महाराजांचा हुकूम लोकांच्या उंबरठ्यापाशी थांबला.

१९३९ मध्ये सयाजीराव गेले. १९५६ मध्ये बाबासाहेब आपल्या दीक्षाभूमीवर आले. ममी पाहाल तेव्हा ही गोष्ट घरच्यांना नक्की सांगा.