पिंपरीच्या मातीतले बीजाणू

दापोडीला पवना मुळेला मिळते. एकोणिसाव्या शतकात येथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन तेथे औषधी झाडे वाढवून घेत. दापोडीहून लोकलने दुसरे स्थानक पिंपरी. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि औषधाचा शोध झाडापानांऐवजी मातीतल्या सूक्ष्म बीजाणूंत सुरू झाला. बुरशीवरच्या औषधांच्या त्या शोधाचे नेतृत्व डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी केले.

तिरुमलाचार यांचा जन्म १९१४ सालचा. मूळचे ते औषधांचे नव्हे, पिकांवरच्या बुरशीचे अभ्यासक. तांबेरा आणि काणी हे त्यांचे खास विषय. काणी पडलेल्या ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली असते. ती भुकटी म्हणजे बीजाणूच. गव्हाच्या पानावरचा तांबेरा तर शेतात पसरताना नर-मादीच्या मीलनाची वाटच पाहत नाही. नारिंगी बीजाणू वाऱ्याने पानावर येतो, ओलाव्यात रुजतो आणि एक-दोन आठवड्यांत तेथे नवा फोड येऊन हजारो बीजाणू बाहेर पडतात. सगळे मूळ बीजाणूची नक्कल. म्हणूनच एका जातीच्या गव्हावर जमलेला तांबेरा शिवारच्या शिवार खातो.

अशा बुरशींची नोंद करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. बी. बी. मुंदकर यांच्यासमवेत त्यांनी भारतातील काणी बुरशींवर लिहिलेला ग्रंथ १९५२ साली आला. काणीच्या एका प्रजातीला तर त्यांनी मुंदकरांचेच नाव दिले. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे संशोधन, बनारस हिंदू विद्यापीठ, बटाटा संशोधन संस्था असे टप्पे घेत ते पिंपरीला आले.

कारखाना पेनिसिलिनचा. पण प्रतिजैविकांनी शरीरातले जिवाणू मेले की मोकळ्या झालेल्या जागेवर कँडिडा नावाची यीस्टसारखी बुरशी हातपाय पसरते. तोंडात पांढरा थर येतो, योनिमार्गात दाह होतो. पेनिसिलिन येथे कुचकामी. शिवाय बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा माणसाच्या पेशीला जवळची, त्यामुळे तिला मारणारे औषध रुग्णालाही बाधू शकते. त्या काळी अशी औषधे मोजकीच होती.

तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने तपासू लागले. त्यांचा रोख स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंवर होता. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात यांचा मोठा वाटा असतो. ते जिवाणू खरे, पण वागतात बुरशीसारखे: धागे वाढवतात, खाणे संपत आले की वर आलेल्या धाग्यांचे तुकडे पडून बीजाणूंच्या माळा तयार होतात. बीजाणूंची नजर कमावलेल्या माणसाला हे जग परके नव्हते. एका जातीला त्यांनी गावाचे नाव दिले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तिच्यापासून मिळालेले हॅमायसिन १९६१ साली जाहीर झाले. त्यातला ‘हॅ’ कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा.

पिकांचा नाश करणारा बीजाणूंचा तोच गुण कारखान्यात उपयोगी पडतो. वाळवून जपलेले थोडे बीजाणू चंबूत रुजवायचे, तेथून लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत. पिढ्या बदलल्या तरी वाण तोच, म्हणून औषधही तेच. अर्थात उत्परिवर्तनाने वाण हळूहळू बिघडू शकतो, त्यामुळे मूळ साठा जिवापाड सांभाळावा लागतो.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटते आणि पडदा गळका होतो. पोटात घेतल्यावर मात्र ते रक्तात नीट शोषले जात नसे. त्यामुळे शरीरात खोल शिरलेल्या बुरशीवरचे औषध म्हणून ते रुजले नाही. तोंड, कान, त्वचा, योनिमार्ग येथे वरून लावण्यासाठी ते उपयोगी ठरले. यश मर्यादित होते, पण ते रेणूपासून उत्पादनापर्यंत येथलेच होते, हे विसरता येत नाही.

त्वचेच्या बुरशीवरचे डर्मोस्टॅटिन आणि पिकांसाठीचे ऑरिओफंजिन हीदेखील याच प्रयोगशाळेची देणगी. तिरुमलाचार यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९९९ साली निवर्तले. ऑरिओफंजिन मात्र पुन्हा शेतातच पोहोचले: लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या, द्राक्षावरची भुरी आणि भातावरचा करपा यांवर ते फवारले गेले.