सी ड्राइव्हमागचा माणूस

विंडोजच्या लॅपटॉपवर एक नवीन फोल्डर उघडा आणि त्याला सी, ओ, एन या तीन इंग्रजी अक्षरांचं नाव देऊन बघा. नाही देता येणार! हॉस्टेलवर कुणीतरी हा प्रकार तुम्हाला भुताटकी म्हणून दाखवलाही असेल. भुताटकी वगैरे काही नाही. सत्तरच्या दशकात एका प्राध्यापकानं लिहिलेल्या सिस्टिममध्ये कन्सोलला, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीनच्या जोडीला, हे नाव होतं. तिथून ते डॉसमध्ये गेलं, डॉसमधून विंडोजमध्ये, आणि आजही राखीवच आहे. ड्राइव्हला ए, बी, सी म्हणायची सवय पीसीला लागली तीही याच सिस्टिममुळे. त्या प्राध्यापकाचं नाव गॅरी किल्डॉल.

गॅरीचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. त्याला व्हायचं होतं गणिताचा शिक्षक, पण वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर भेटला आणि गाडी तिकडे वळली. पुढे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत तो शिकवायला लागला. १९७२ मध्ये पीएचडीही झाली.

त्याच सुमारास इंटेलनं कॉम्प्युटरचा मेंदू एका चिपवर आणला होता. गॅरी तिथे सल्लागार झाला. तेव्हा छोट्या मशीनवर प्रोग्रॅम साठवायचा म्हणजे कागदी पट्टीवर भोकं पाडायची. गॅरीनं एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला, पण तो मशीनला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना. ते जॉन टोरोड या मित्रानं करून दिलं आणि १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाली. इंटेलला तिच्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी पॅसिफिक ग्रोव्ह या गावात स्वतःच कंपनी काढली. तीच पुढे डिजिटल रिसर्च.

गॅरीची खरी करामत पुढे आहे. प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, म्हणजे प्रत्येकासाठी सिस्टिम नव्यानं लिहायची का? त्यानं मशीनशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. आता नव्या मशीनसाठी फक्त तेवढाच तुकडा बदलायचा. वरचे प्रोग्रॅम तसेच्या तसे चालणार. आज हे आपल्याला इतकं साधं वाटतं, की कुणाला तरी ते पहिल्यांदा सुचलं असेल हेच लक्षात येत नाही.

सीपी/एम वापरणं मात्र सुखाचं होतं असं समजू नका. फाइल कॉपी करताना कुठे न्यायची ते आधी लिहायचं आणि कुठून न्यायची ते नंतर. फ्लॉपी बदलली आणि कंट्रोल-सी दाबायला विसरलात, की सेव्ह करताना एरर, आणि तासभर टाइप केलेलं सगळं गायब. शिवाय एका वेळी एकच प्रोग्रॅम. पत्र लिहिताना हिशोबातला एक आकडा हवा असेल तर पत्र बंद करा, हिशोब उघडा, आकडा कागदावर उतरवा, हिशोब बंद करा, पुन्हा पत्र उघडा. एका टॅबमध्ये गाणं, दुसऱ्यात असाइनमेंट आणि तिसऱ्यात क्रिकेटचा स्कोअर ठेवणाऱ्या आपल्याला हे झेपलं असतं?

ही अडचण गॅरीच्या कंपनीनं लवकर ओळखली. तेव्हाचा प्रोसेसर एका वेळी एकच काम करायचा. पण प्रत्येक प्रोग्रॅमला क्षणाचा बारीकसा तुकडा देत फिरवत राहिलं, तर सगळेच एकदम चालल्यासारखे दिसतात. १९७९ मध्ये कंपनीनं याच युक्तीवर एमपी/एम आणली. एका छोट्या मशीनवर अनेक जण एकदम काम करू लागले.

मग आलं १९८०. आयबीएमला आपल्या नव्या पीसीसाठी सिस्टिम हवी होती, म्हणून त्यांची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली. गॅरी त्या सकाळी स्वतःचं विमान घेऊन एका ग्राहकाकडे गेला होता. गुप्ततेच्या करारावर सही करायला डोरोथी तयार झाली नाही. दुपारी नेमकं काय घडलं, याबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. करार झाला नाही, एवढं खरं. मायक्रोसॉफ्टनं सिएटलमधल्या एका कंपनीकडून सीपी/एमच्याच वळणावर बेतलेली सिस्टिम विकत घेतली, आणि तीच डॉस झाली. गॅरीनं हरकत घेतल्यावर आयबीएमनं त्याचीही सिस्टिम विकायचं मान्य केलं. पण दुकानात डॉस ४० डॉलरला आणि गॅरीची सिस्टिम २४० डॉलरला! तुम्ही काय घेतलं असतं?

डॉसमध्येही पुन्हा एका वेळी एकच प्रोग्रॅम. इकडे गॅरीच्या कंपनीची कन्करंट सीपी/एम त्याच पीसीवर अनेक प्रोग्रॅम एकदम चालवायची, एक बटण दाबून एकातून दुसऱ्यात जाता यायचं. पण तिला मेमरी जास्त लागायची, पैसे जास्त लागायचे, आणि लोकांचं सगळं सॉफ्टवेअर तोवर डॉसचं झालं होतं. घरोघरच्या पीसीवर ही सोय खऱ्या अर्थानं रुळली ती विंडोज ९५ पासून.

ते बघायला गॅरी नव्हता. १९९१ मध्ये त्याची कंपनी नॉव्हेलनं घेतली. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाचा पंचविसावा वाढदिवस झाला. इथून पीएचडी केलेला गॅरी प्रेक्षकांत, आणि मुख्य भाषण बिल गेट्सचं. हे त्याला फार लागलं. त्यानं आठवणी लिहायला घेतल्या. जुलै १९९४ मध्ये डोक्याला मार लागून तो गेला, अवघ्या ५२ व्या वर्षी.

गॅरी गरिबीत गेला नाही, पैसा त्यानं भरपूर पाहिला. त्याच्या वाट्याला न आलेली गोष्ट वेगळी होती. त्याचं नाव निघतं ते विमान उडवायला गेला आणि नशीब हुकलं, एवढ्या एका किश्श्यापुरतं. तो किस्सा तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल. तेव्हा ४० आणि २४० हे दोन आकडे त्याला जरूर सांगा. आणि लॅपटॉप उघडाच असेल, तर सी ड्राइव्हही दाखवा.