वायुरेणूंच्या वेगाचा मुंबईत शोध घेणारे वॉटरस्टन

हवेतील रेणू किती वेगाने धावतात, या प्रश्नाचा उलगडा करणारा एक निबंध डिसेंबर १८४५ मध्ये मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडण्यात आला होता. जॉन जेम्स वॉटरस्टन हे त्याचे लेखक. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल छात्रांना ते मुंबईत शिकवीत. हा निबंध छापून येण्यास मात्र १८९२ साल उजाडावे लागले.

वॉटरस्टन यांचा जन्म १८११ मध्ये एडिंबरा येथे झाला. स्थापत्य अभियांत्रिकीची उमेदवारी, काही काळ रेल्वेची कामे, त्यानंतर ब्रिटिश नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग असा प्रवास करून ते १८३९ मध्ये मुंबईच्या नोकरीवर रुजू झाले. नोकरीतून मिळणारी फुरसत आणि ग्रँट कॉलेजचे ग्रंथालय, एवढ्याच भांडवलावर त्यांनी वायूंचा अभ्यास केला.

उष्णता हा अदृश्य द्रव आहे आणि वायूचे कण एकमेकांना दूर लोटत जागच्या जागी राहतात, अशी त्या काळी अनेक विद्वानांची धारणा होती. वॉटरस्टन यांचे प्रतिपादन अगदी वेगळे होते. रेणू सतत धावत असतात, भांड्याच्या भिंतींवर आदळतात आणि त्यालाच आपण दाब म्हणतो. तापमान हे रेणूंच्या वेगाच्या वर्गाच्या सरासरीशी निगडित असते. वायूंच्या मिश्रणात जड रेणू संथ आणि हलके रेणू वेगवान असले, तरी सरासरी गतिज ऊर्जा सर्वांची सारखीच असते.

या नियमाने हिशेब केल्यास लखनौच्या हिवाळ्यात ५ अंश सेल्सिअस तापमानाला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, तरी हा वेग जेमतेम ७ टक्क्यांनी वाढतो. मग तेथील चौकात उघडलेल्या अत्तराच्या कुपीचा सुगंध दुकानाच्या दुसऱ्या टोकाला तत्क्षणी का पोहोचत नाही? अशाच आक्षेपाला जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियस यांनी १८५८ मध्ये उत्तर दिले. रेणू पावलोपावली एकमेकांवर आदळतात आणि त्यांची वाट सतत बदलते.

रॉयल सोसायटीच्या परीक्षकांनी निबंध निरर्थक ठरवला. मार्च १८४६ मध्ये त्याचे केवळ ओझरते वाचन झाले. नियमानुसार हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरात राहिले आणि वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ प्रत ठेवलेली नव्हती. एका प्रतीअभावी केवढे नुकसान झाले! पुढील पंधरा वर्षांत ज्यूल, क्लाउझियस आणि मॅक्सवेल यांनी हाच मार्ग स्वतंत्रपणे चोखाळला आणि श्रेय त्यांच्या पदरी पडले.

वॉटरस्टन १८५७ मध्ये मायदेशी परतले. विद्वत्संस्थांविषयी त्यांच्या मनात कायमची कटुता राहिली. १८ जून १८८३ रोजी ते एडिंबरा येथील घरातून फिरावयास बाहेर पडले आणि पुन्हा कोणालाही दिसले नाहीत. ते बुडाले असावेत, असा तर्क करण्यात आला.

आठ वर्षांनी लॉर्ड रॅली यांना वॉटरस्टन यांच्या ध्वनीविषयक लेखात जुन्या निबंधाचा उल्लेख आढळला. त्यांनी दप्तरातून हस्तलिखित शोधून काढले आणि १८९२ मध्ये प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. अपरिचित लेखकाने धाडसी कल्पना प्रथम अन्यत्र प्रसिद्ध करावी, असा सल्लाही रॅली यांनी त्या प्रस्तावनेत दिला. सोसायटीने तोही आपल्याच नियतकालिकात छापला.