हार्वे कुशिंग : ज्यांच्या नावाने ‘कुशिंग’चा आजार ओळखला जातो

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘कुशिंग?’ असे प्रश्नचिन्हासह लिहिले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कुशिंग हे एका अमेरिकन शल्यचिकित्सकाचे आडनाव आहे. हा आजार दुर्मिळ आहे आणि आजही त्याचे निदान व्हायला अनेकदा काही वर्षे जातात. इतका वेळ का लागतो आणि त्या काळात रुग्ण म्हणून तुम्ही काय करू शकता, हे डॉ. कुशिंग यांच्या आयुष्याकडे पाहिले की चांगले समजते.

डॉक्टरांच्या घरात जन्म

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा असे सगळेच डॉक्टर. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाले.

विद्यार्थी असतानाच एका घटनेने त्यांना हादरवले. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. कुशिंग भूल देत असताना एक रुग्ण दगावला. वैद्यकीय शिक्षण सोडून द्यावे असे त्यांना वाटले, पण त्यांनी वेगळा मार्ग निवडला. आपला सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन याच्याबरोबर त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने कागदावर नोंदवायला सुरुवात केली. पुढे १९०१ मध्ये इटलीत रक्तदाब मोजण्याचा नवा पट्टा त्यांच्या पाहण्यात आला. तो त्यांनी अमेरिकेत नेला आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाबाची नोंद ठेवण्याचा आग्रह धरला. तुम्ही दवाखान्यात जाता तेव्हा दंडाला जो पट्टा बांधतात, तो अमेरिकेत रुजण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

नोंद ठेवण्याची ही सवय पुढे त्यांच्या सगळ्या कामाचा पाया ठरली.

मेंदूची शस्त्रक्रिया आणि एक चुकलेले निदान

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांच्या हाताखाली त्यांनी शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले. त्या काळात मेंदूच्या शस्त्रक्रियेला हात घालायला फारसे कुणी धजत नसे. सीटी स्कॅन, एमआरआय, प्रतिजैविके यांपैकी काहीच नव्हते. गाठ नेमकी कुठे आहे, हे केवळ लक्षणांवरून आणि तपासणीवरून ओळखावे लागे.

१९०१ च्या सुमारास त्यांच्याकडे एक किशोरवयीन मुलगी आली. डोके दुखत होते, नजर कमी होत होती, वजन वाढले होते आणि वयात येण्याच्या खुणा दिसत नव्हत्या. मेंदूत गाठ असावी असा कुशिंग यांचा कयास होता. त्यांनी शस्त्रक्रिया केली, पण गाठ सापडली नाही. मुलगी वाचली नाही. शवविच्छेदनात गाठ दिसली ती मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीजवळ. साधारण त्याच वेळी व्हिएन्नातील डॉ. फ्रोलिख यांनी अशाच लक्षणांचा एक मुलगा पाहून त्याच्या आजाराचा संबंध पिट्युटरीशी जोडला होता.

पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी असते. थायरॉइड, ॲड्रिनल, अंडाशय, वृषण अशा ग्रंथींना ती आदेश देते. त्यामुळे तिच्यात बिघाड झाला की लक्षणे डोक्यापुरती राहत नाहीत, सगळ्या शरीरात उमटतात. त्या मुलीची डोकेदुखी, नजर, वजन आणि खुंटलेली वाढ या चारही गोष्टी एकाच कारणाच्या होत्या. या प्रकरणानंतर कुशिंग यांनी पिट्युटरीच्या आजारांचा ध्यासच घेतला.

तेवीस वर्षांची तरुणी

डिसेंबर १९१० मध्ये त्यांच्याकडे तेवीस वर्षांची एक तरुणी आली. चेहरा गोल, पोट आणि धड जाड, पण हातपाय तुलनेने बारीक. पाळी अनेक वर्षांपूर्वी बंद झालेली. अंगावर आणि चेहऱ्यावर केस वाढलेले, पोटावर जांभळट रेघा, थोडे लागले तरी काळेनिळे डाग. रक्तदाब वाढलेला. डोकेदुखी, पाठदुखी आणि कमालीचा अशक्तपणा.

यातली एकेक तक्रार अगदी नेहमीची आहे. वजन वाढणे, रक्तदाब, पाळीची अनियमितता, उदास वाटणे घराघरांत असते. म्हणूनच आजही असा रुग्ण वजनासाठी एकाकडे, पाळीसाठी दुसऱ्याकडे, रक्तदाबासाठी तिसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी आपापल्या भागापुरते औषध मिळते. घरचेही म्हणतात, खाणे कमी कर, चालायला जा. रुग्ण प्रामाणिकपणे पथ्य करतो, वजन हलत नाही, आणि शेवटी तो स्वतःलाच दोष देऊ लागतो.

कुशिंग यांनी या सर्व तक्रारी एका पानावर मांडल्या. त्यांनी तिचे फोटो काढले, मोजमापे घेतली, आणि १९१२ मध्ये पिट्युटरीच्या आजारांवरील आपल्या पुस्तकात तिची हकिगत सविस्तर दिली. मूळ दोष पिट्युटरीत आहे की ॲड्रिनलमध्ये, हे त्यांना त्या वेळी सांगता आले नाही. अनेक ग्रंथींचा बिघाड एवढेच ते म्हणू शकले. शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक तेव्हा कुणाला माहीतच नव्हते.

वीस वर्षांची वाट

१९१२ नंतर ते बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी मेंदूची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी केली. रक्तस्राव थांबवण्यासाठी चांदीच्या बारीक क्लिप त्यांनी वापरात आणल्या. १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांच्या साहाय्याने विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करण्याचे तंत्र त्यांनी शस्त्रक्रियागृहात आणले. १९३१ मध्ये त्यांनी मेंदूतील गाठीच्या दोन हजाराव्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. तोपर्यंत त्यांच्या शस्त्रक्रियांतील मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले होते. त्या काळाच्या मानाने हे फार मोठे यश होते.

सहकाऱ्यांशी ते कठोर वागत. रुग्णांबाबत मात्र त्यांची एक पद्धत होती. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने दर वर्षी पत्र लिहून आपली तब्येत कळवावी, असे ते सांगत. या पत्रांमुळे आजार पुढे कसा वळला, हे त्यांना वर्षानुवर्षे कळत राहिले.

१९३२ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी अशा लक्षणांच्या बारा रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. काहींच्या शवविच्छेदनात पिट्युटरीत छोटी गाठ सापडली होती. ही गाठच आजाराचे मूळ असावे, असे मत त्यांनी मांडले. पहिल्या तरुणीपासून इथवर यायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला होता.

आज निदान कसे होते?

कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहण्याला आज ‘कुशिंग सिंड्रोम’ म्हणतात. त्याचे कारण पिट्युटरीतील गाठ असेल, तर त्याला ‘कुशिंग डिसीज’ म्हणतात. ॲड्रिनलमधील किंवा क्वचित फुप्फुसासारख्या अवयवातील गाठही कारण असू शकते.

पण सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे बाहेरून घेतलेले स्टिरॉइड. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी ते दिले जाते आणि तेथे ते आवश्यकही असते. मात्र चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, महिनोन्महिने लावलेली मलमे किंवा सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या अनामिक पुड्या यांतूनही ते शरीरात जाऊ शकते. डॉक्टरांना प्रत्येक औषध, मलम आणि पुडी दाखवा. अशी औषधे आपल्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तयार होणे थांबलेले असल्यास जीवाला धोका होऊ शकतो.

स्टिरॉइड घेतलेले नसेल, तर पुढील तपासण्या केल्या जातात :

- रात्री उशिरा लाळेतील कॉर्टिसॉल
- २४ तासांच्या लघवीतील कॉर्टिसॉल
- रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल

कॉर्टिसॉलची पातळी दिवसभरात बदलते, म्हणून एकाच तपासणीवर निर्णय घेत नाहीत. तपासण्या पुन्हा सांगितल्या तर वैतागू नका. एमआरआय त्यानंतर येतो, आणि त्याला कारण आहे. काही मिलिमीटरची गाठ एमआरआयमध्ये सुटू शकते. उलट, निरोगी माणसाच्या पिट्युटरीतही निरुपद्रवी छोटी गाठ दिसू शकते. शंका राहिल्यास कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांमधून रक्ताचे नमुने घेतले जातात.

पिट्युटरीतील गाठ बहुधा नाकावाटे काढतात. या मार्गाने कुशिंग यांनीही अनेक शस्त्रक्रिया केल्या होत्या. अनुभवी शल्यचिकित्सकाकडे बहुतेक रुग्णांना चांगला गुण येतो. मात्र नंतर काही महिने कॉर्टिसॉलच्या गोळ्या लागतात, आणि आजार उलटू शकत असल्याने तपासणी कायम चालू ठेवावी लागते.

डॉक्टरही रुग्ण होतो

कुशिंग यांचे स्वतःचे आयुष्य सोपे नव्हते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना १९१८ मध्ये ते आजारी पडले. हातपाय बधिर आणि कमजोर झाले. तो त्रास पूर्ण गेला नाही. सिगारेटचे व्यसन होते, त्यामुळे पुढे पायांचा रक्तपुरवठाही बिघडला. १९२६ मध्ये त्यांचा मुलगा मोटार अपघातात गेला. त्याच वर्षी, त्यांनी लिहिलेल्या विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या तिसऱ्या पोकळीत सुमारे एक सेंटिमीटरची गाठ आढळली. दोन हजारांहून अधिक गाठी शोधणाऱ्या या डॉक्टरच्या डोक्यातली गाठ हयातीत कुणालाच कळली नव्हती. दुर्मिळ आजार ओळखणे किती अवघड असते, हे यावरून लक्षात यावे.

तुम्ही काय करू शकता?

- पाच-दहा वर्षांपूर्वीचे आणि आताचे फोटो डॉक्टरांना दाखवा. रोज पाहणाऱ्यांना हळूहळू बदललेला चेहरा कळत नाही.
- सर्व तक्रारी तारखांसह एकाच कागदावर लिहा. संबंध नाही असे वाटले तरी लिहा.
- सहज काळेनिळे होणे, रुंद जांभळ्या रेघा, जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत त्राण नसणे, ही लक्षणे आवर्जून सांगा.
- मुलाचे वजन वाढत असेल पण उंची थांबली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.
- शंका असल्यास एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करा.

वजन वाढलेल्या बहुतेकांना हा आजार नसतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण वरच्या यादीतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर त्या एकाच डॉक्टरांना, एकाच भेटीत सांगा.