परदेशात जन्मलेला तोन्युकुक



या अंकात आम्ही तुम्हाला थेट मंगोलियाला नेणार आहोत. घाबरू नका, व्हिसा लागत नाही! निमित्त घडलं ते घरातच. रविवारच्या मराठी शाळेला निघताना आमच्या कन्यारत्नाने विचारलं, मराठी बोलता येतं ना मला, मग लिहायला कशाला शिकायचं? आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. वेळेवर उत्तर सुचेल तर शपथ! पण नंतर एक माणूस आठवला. त्याला जाऊन तेराशे वर्षं होत आली, आणि तो आपल्यासारखाच परमुलुखात वाढलेला. त्याचं नाव तोन्युकुक.

गोष्ट सुरू होते सातव्या शतकात. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात तुर्कांचं मोठं राज्य होतं. इ. स. ६३० मध्ये चीनच्या तांग सम्राटाने पूर्वेकडचे तुर्क जिंकले आणि त्यातल्या अनेकांना आपल्या सरहद्दीवर वसवलं. पुढची पन्नास वर्षं ते परक्या दरबाराची चाकरी करत राहिले. त्यांच्या सरदारांनी चिनी नावं आणि चिनी पदव्यासुद्धा घेतल्या. याच काळात, साधारण ६४६ च्या सुमारास, तोन्युकुक जन्मला, तोही तांग राज्यातच. ही गोष्ट त्याने लपवली नाही. स्वतःच्या शिलालेखाची सुरुवातच त्याने तिथून केली आहे.

६७९ मध्ये तुर्कांनी बंड केलं, ते फसलं. ६८२ मध्ये कुत्लुग नावाचा सरदार उठला. त्याच्याबरोबर रानात आणि दगडधोंड्यांत उरलेली माणसं होती अवघी सातशे! दोन भाग घोड्यावर, एक भाग पायी. हरणं आणि ससे मारून पोट भरायचं. तोन्युकुक त्यांना जाऊन मिळाला आणि कुत्लुगला खागान, म्हणजे राजा, करण्यात त्याचा मोठा वाटा होता. हाच राजा पुढे इल्तेरिश म्हणून ओळखला गेला.

तलवार चालवणारे पुष्कळ होते, पण डोकं चालवणारा हा! ओगुझ, चिनी आणि खितान असे तिघे शत्रू एकत्र येणार, ही बातमी हेराकडून येताच त्याची झोप उडाली. तिघांची मोळी बांधली गेली तर ती मोडणार नाही, हे ओळखून त्याने आधी ओगुझांना गाठून हरवलं. मग तुर्कांना त्याने ओत्युकेनला आणलं.

ओत्युकेन म्हणजे खांगाई पर्वतातला वनप्रदेश. तुर्कांच्या लेखी ती पवित्र भूमी. जो ओत्युकेनला बसेल तोच खरा खागान, अशी त्यांची श्रद्धा होती. वर तेंग्री म्हणजे आकाशदेव, उमाय ही देवी, आणि खाली पवित्र भूमी-जल. देवळं नाहीत, मूर्ती नाहीत, डोंगर आणि नद्या हेच दैवत. लढाई जिंकल्यावर तोन्युकुक श्रेय देतो ते याच तिघांना.

७१० च्या हिवाळ्यातली किर्गिझांवरची मोहीम तर थरारक आहे. सायान पर्वतातली नेहमीची वाट बर्फाने बंद. दुसऱ्या वाटेने, घोडे हातात धरून, झाडांना पकडत पायी चढाई केली. वाटाड्या चुकला, त्याला जीव गमवावा लागला. शेवटी रातोरात पोचून शत्रूला झोपेतच गाठलं. नंतरच्या स्वाऱ्यांत ही फौज आजच्या उझबेकिस्तानातल्या लोखंडी दरवाजा नावाच्या खिंडीपर्यंत पोचली.

७१६ मध्ये खागान काप्गान मारला गेला. इल्तेरिशचा धाकटा मुलगा क्युल तेगिन याने जुन्या दरबाऱ्यांची कत्तल केली आणि थोरला भाऊ बिल्गे याला गादीवर बसवलं. तोन्युकुक वाचला, कारण त्याची मुलगी बिल्गेची बायको होती. आधी घरी बसवलेल्या या सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्याला बिल्गेने पुन्हा बोलावून घेतलं. बिल्गेला तटबंदीचं शहर आणि बौद्ध व ताओ मंदिरं बांधायची होती. म्हातारा अडून बसला. चिन्यांच्या शंभरातला एक हिस्साही आपण नाही, गवत आणि पाण्यामागे फिरतो म्हणून टिकलो, भिंतीत कोंडून घेतलं तर एका पराभवात संपू, असा त्याचा हिशोब. जावयाने तो ऐकला.

याच सुमारास त्याने आपली हकिकत दगडावर कोरवून घेतली. आजच्या उलानबातरच्या आग्नेयेला बाईन त्सोक्तो इथे त्याचे दोन चौकोनी खांब उभे आहेत, एकूण ६२ ओळींचे. ७२६ च्या सुमारास तो वारला. ७४५ पर्यंत त्याचं राज्यही बुडालं, आणि पुढे ही लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. १८८९ मध्ये ओर्खोन खोऱ्यात क्युल तेगिन आणि बिल्गे यांचे शिलालेख सापडले. डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी १८९३ मध्ये ती लिपी उलगडली. आधी वाचता आलेल्या शब्दांत होते तेंग्री आणि तुर्क! तोन्युकुकचे खांब १८९७ मध्ये येलिझावेता क्लेमेंट्स यांना सापडले, तेव्हा ते वाचता येत होते.

आता खरी गंमत. त्या दोन भावांच्या शिलालेखांवर एका बाजूला चिनी मजकूर आहे. तोन्युकुकच्या खांबांवर मात्र फक्त तुर्की आहे. चीनमध्ये जन्मलेल्या या माणसाने आपला हिशोब फक्त आपल्या भाषेत मांडला. त्याचं शत्रुत्व आपल्याला नको; आपण इथे आनंदाने राहतो, इथलं मीठ खातो. पण तो नुसता बोलून थांबला असता तर त्याचं बोलणं त्याच्याबरोबरच गेलं असतं. लिहिलं, म्हणून हजार वर्षांच्या खंडानंतरही कुणीतरी ते वाचलं.

ही लिपी २००९ मध्ये युनिकोडमध्ये आली. उजवीकडून डावीकडे जाणारी, शब्दांमध्ये दोन टिंबं. आम्ही तक्ता उघडून कन्येचं नाव त्या लिपीत जुळवून दाखवलं. तिने ते कागदावर उतरवलं आणि खाली देवनागरीत आपलं नाव लिहिलं. वेलांटी चुकली होती. ती पुढच्या रविवारी सुधारू!

चूकभूल द्यावी घ्यावी.