छडी आणि परीक्षेविना शाळा चालवणारे खलील सकाकिनी

अरबी लेखक आणि पॅलेस्टाईनमधील आधुनिक शिक्षणाचे एक अग्रणी खलील अल-सकाकिनी यांचा जन्म २३ जानेवारी १८७८ रोजी जेरुसलेममधील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या वेळी हे शहर तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्यात होते. १९०७ मध्ये ते उदरनिर्वाहासाठी अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी अरबीच्या शिकवण्या घेतल्या, कारखान्यात मजुरीही केली. १९०८ मध्ये उस्मानी राज्यघटना पुन्हा लागू झाली आणि ते मायदेशी परतले.

१९०९ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये दस्तुरिया शाळा स्थापन केली. दस्तूर म्हणजे राज्यघटना. या शाळेत परीक्षा, गुण, बक्षिसे आणि छडी यांना स्थान नव्हते. सर्व धर्मांच्या मुलांना तेथे तुर्कीऐवजी अरबीतून शिक्षण मिळे. विद्यार्थ्याचा स्वाभिमान जपणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे, अशी सकाकिनी यांची धारणा होती.

या धारणेची कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. १९१७ च्या अखेरीस अमेरिकी नागरिकत्व असलेले ज्यू विमा व्यावसायिक आल्टर लेव्हिन यांनी त्यांच्या दारी आश्रय मागितला. सकाकिनी झायोनवादाचे विरोधक होते आणि शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला आसरा देणे धोक्याचे होते. तरीही त्यांनी शरणागताला परत पाठवले नाही. दोघांनाही अटक होऊन दमास्कसच्या तुरुंगात नेण्यात आले. काही दिवसांतच ब्रिटिश फौजा जेरुसलेममध्ये दाखल झाल्या.

ब्रिटिश अमलात ते जेरुसलेमच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. १९२० मध्ये झायोनवादी हर्बर्ट सॅम्युअल यांची उच्चायुक्तपदी नियुक्ती होताच त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. पुढे ते शिक्षण खात्यात निरीक्षक झाले. ‘अल-जदीद’ या त्यांच्या वाचनमालेतून मुलांच्या अनेक पिढ्या अरबी शिकल्या. १९३८ मध्ये त्यांनी नहदा महाविद्यालयाची स्थापना केली.

एप्रिल १९४८ अखेर युद्ध दाराशी आले, तेव्हा कतमोन भागातील घर आणि आयुष्यभर जमवलेला ग्रंथसंग्रह मागे ठेवून त्यांना कैरोला जावे लागले. तेथील अरबी भाषा अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. १९५३ मध्ये एकुलता पुत्र सारी याचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १३ ऑगस्ट रोजी सकाकिनी यांनीही जगाचा निरोप घेतला.

त्यांची दैनंदिनी पुढे प्रकाशित झाली आणि त्या काळच्या जेरुसलेमचा ती मोलाचा दस्तऐवज ठरली. १९६७ नंतर त्यांच्या कन्या जेरुसलेमला गेल्या, तेव्हा तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात वडिलांच्या हस्ताक्षरातील टिपणे असलेली पुस्तके त्यांना आढळली.