विश्लेषण : भावाची हमी देणारे मान्सहोल्ट शेतकऱ्यांनाच नकोसे का झाले?

भावाची हमी मिळाली की उत्पादन वाढते. पण वाढलेला माल घ्यायचा कोणी आणि त्याचे पैसे भरायचे कोणी? आपल्याकडे आजही विचारला जाणारा हा प्रश्न युरोपपुढे साठ वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. तिथे ही हमी उभारणारा आणि तिचे दुष्परिणाम उघडपणे मांडणारा नेता एकच होता : नेदरलँड्सचे सिको मान्सहोल्ट.

मान्सहोल्ट कोण होते?

मान्सहोल्ट यांचा जन्म १९०८ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतातील उलरुम येथे समाजवादी विचारांच्या शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी ते जावा बेटावर चहाच्या मळ्यात नोकरीला गेले, पण डच वसाहतीची व्यवस्था न पटल्याने मायदेशी परतले. समुद्र हटवून तयार केलेल्या विरिंगरमेर भागात त्यांनी १९३७ मध्ये शेती सुरू केली. महायुद्धात ते नाझीविरोधी प्रतिकार चळवळीत होते. जून १९४५ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते कृषी, मत्स्यव्यवसाय आणि अन्नपुरवठा मंत्री झाले. त्याआधीच्याच हिवाळ्यात देशाच्या पश्चिम भागात उपासमारीने सुमारे २० हजार माणसे दगावली होती. त्यामुळे भरपूर पिकवणे हेच तेव्हाचे पहिले काम होते.

सहा देशांचे एकमत कसे झाले?

१९५८ मध्ये युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन झाला आणि त्याच्या आयोगात शेतीची जबाबदारी मान्सहोल्ट यांच्याकडे आली. डिसेंबर १९६१ मध्ये सहा देशांचे मंत्री ब्रसेल्समध्ये वाटाघाटींना बसले. ३१ डिसेंबरची मुदत संपत आली, तरी तोडगा दिसेना. तेव्हा घड्याळ थांबल्याचे मानून चर्चा पुढे चालू ठेवण्यात आली. अखेर १४ जानेवारी १९६२ रोजी समझोता झाला. भाव पडले तर सरकारी यंत्रणेने माल खरेदी करायचा, स्वस्त आयातीवर कर लावायचा आणि खर्च सर्वांनी मिळून उचलायचा, असे ठरले. याच खर्चाच्या आणि अधिकारांच्या वादातून १९६५ मध्ये फ्रान्सने सुमारे सात महिने मंत्र्यांच्या बैठकांवर बहिष्कार टाकला होता.

गणित कुठे चुकले?

धान्याचे समाईक भाव १९६४ मध्ये ठरले. जर्मनीतील भाव चढे होते आणि तेथील शेतकरी ते सोडायला तयार नव्हते. त्यामुळे समाईक भावही चढेच राहिले. उत्पादन वाढत गेले, गोदामांत लोणी आणि दूध भुकटीचे ढीग साचले. जास्त पिकवणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याला जास्त लाभ मिळाला, लहान शेतकरी मात्र गरीबच राहिला.

या साठ्याचा भारताशी काय संबंध?

यातील काही दूध भुकटी आणि बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत मदत म्हणून भारतात आले. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’मध्ये त्यापासून दूध तयार करून मुंबईसह चार महानगरांत विकले गेले. त्या पैशातून देशातील सहकारी दूध व्यवसाय उभा करण्यास हातभार लागला.

शेतकरी का चिडले?

डिसेंबर १९६८ मध्ये मान्सहोल्ट यांनी नवी योजना मांडली. केवळ भाव वाढवून लहान शेतकरी तगणार नाही, असे त्यांचे मत होते. दहा वर्षांत सुमारे ५० लाख लोकांनी शेती सोडावी, ५० लाख हेक्टर जमीन लागवडीखालून काढावी. वृद्धांना निवृत्तिवेतन आणि तरुणांना दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण द्यावे, असा प्रस्ताव होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये संतप्त शेतकऱ्यांनी ब्रसेल्समध्ये मंत्र्यांच्या सभागृहात चक्क गाई नेल्या. मार्चमध्ये सुमारे एक लाख शेतकरी रस्त्यावर उतरले. त्या हिंसाचारात एकाचा मृत्यू झाला. १९७२ मध्ये योजनेचा बराच सौम्य केलेला भागच मंजूर झाला.

पुढे काय झाले?

मार्च १९७२ पासून जानेवारी १९७३ पर्यंत मान्सहोल्ट आयोगाचे अध्यक्ष होते. याच काळात ते अमर्याद आर्थिक वाढीवर आणि तिच्या पर्यावरणीय किमतीवर प्रश्न विचारू लागले. दुधाच्या उत्पादनावर मर्यादा आली ती १९८४ मध्ये. जून १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. लाखो लहान शेतकरी दरम्यान शेतीबाहेर गेलेच. फरक इतकाच, की मान्सहोल्ट यांनी सुचवलेला आधार त्यातील अनेकांच्या वाट्याला आला नाही.